कडू इंद्रजव

बसा रं पोरांनो, गगनबावड्याकडनं वळवाचं वारं सुटलं की लाईट काय लवकर येत नाही. कंदिलाची वात जरा वर करा, तोवर कुड्याची गोष्ट सांगतो.

राधानगरीहून दाजीपूरला निघालात, म्हणजे जिथं शाहू महाराजांची शिकारीची रानं होती आणि 1958 पासनं अभयारण्य होऊन गव्यांचं राज्य आलं तिकडं, तर वैशाख सरता सरता रानाच्या कडेला पांढऱ्या फुलांचे घोस दिसतात आणि असा मंद वास येतो की जुन्या लोकांनी याला गिरिमल्लिका, डोंगरातला मोगराच म्हटलं. कालिदासाच्या यक्षानंही आषाढातल्या ढगाचं स्वागत केलं ते कुड्याच्या ताज्या फुलांनी. रानात बसलेला माणूस, दुसरं काय आणणार बापडा!

पण वासाला भुलून पान तोडाल, तर पांढरा चीक येईल आणि जीभ दिवसभर शिव्या देईल. शेळीसारखी खादाडसुद्धा याला तोंड लावत नाही, म्हणून चरून बोडक्या झालेल्या टेकडीवरही कुडा आपला उभा. माझी आजी मात्र शेळीपेक्षा हुशार. फुलं उकडून, पाणी पिळून टाकून, कांदा-लसणाच्या फोडणीत मुगाची डाळ घालून अशी भाजी करायची, की दोन भाकरी कुठं गेल्या कळायचं नाही.

आणि मौज बघा, मृगाचं गढूळ पाणी पोटात जाऊन आमांश व्हायचे दिवस आणि कुडा फुलायचे दिवस लागूनच. आजी साल ताकात उगाळून द्यायची. त्या सालीतलं कोनेसिन आमांशाच्या अमिबाला मारतं, हे तिला कोण सांगणार? वैद्य कुटजारिष्ट करतात ते याच सालीचं.

आता, याचा एक चुलतभाऊ आहे, काळा कुडा. शेंगा दोघांच्याही जोडीनं लोंबतात, वीत-दीड वीत. पण पांढऱ्याच्या दोन्ही शेंगा सुट्या, काळ्याच्या टोकाशी चिकटलेल्या. आतल्या बियांना रेशमाची शेंडी, वाऱ्यावर उडायला. पांढऱ्याच्या बिया कडू इंद्रजव, त्याच औषधी. काळ्याच्या गोड इंद्रजव, आमांशाला बिनकामाच्या.

मी लहानपणी बाजारातनं इंद्रजव आणले, वाटेत एक चाखला, बरा लागला म्हणून खुशीत घरी आलो. आजीनं एक दाताखाली धरला आणि पुडी परत माझ्या हातात दिली.

"तोंड वाकडं झालं नाही, तवाच माघारी फिरायचं न्हाई का रं?"