माशीवर नजर

"मामा, बरोब्बर दहा मीटर!"

ओसरीच्या खांबापासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत टेप ताणून भाची ओरडली. ताईचं घर वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याशी. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच. मी भोरहून गेलो होतो तांदूळ आणायला, आणि पोरीने हातात भलताच प्रश्न ठेवला: पहिलं पिस्तूल कोणतं घेऊ? एकच घ्यायचंय, पण सगळीकडे चाललं पाहिजे.

आमच्या मावळात बंदूक म्हटली की लोकांना रानडुकरं आठवतात. भाताचं खाचर एका रात्रीत लोळवून जाणारी ती जमात, आणि तिच्यासाठी कुणा आजोबांनी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगलेली ठासणीची बंदूक. पिस्तूल मात्र सिनेमातलं. त्यामुळे आजीने आधी विचारलं, "कुणाला मारायचंय गं?"

कुणालाच नाही. तिला कागदाला भोकं पाडायची होती, आणि तीही एकाच जागी.

कायद्याचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात नवल काही नाही. गोळीचं पिस्तूल हवं असेल तर १९५९ चा शस्त्र कायदा, जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना, वयाची २१ वर्षं, आणि ९ मिलिमीटरसारखे बोअर तर सामान्य माणसाला मिळतच नाहीत. हवेच्या पिस्तुलाची गोष्ट निराळी. नळी ४.५ मिलिमीटरची आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद ठेवतो. म्हणजे भाचीचं पहिलं पिस्तूल हवेचंच असणार हे कायद्यानेच ठरवून टाकलं होतं. ती जरा हिरमुसली. "खेळण्यातलं?" म्हणाली.

इथे मला थोडं भाषण करावं लागलं. ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूल हा पूर्ण मानाचा प्रकार आहे. तेच ४.५ मिलिमीटर, तेच दहा मीटर, तोच एक हात. नवशिकी पोरगी आणि जगज्जेता, दोघांसमोर तोच कागद. क्रिकेटमध्ये टेनिस बॉलपासून लेदर बॉलपर्यंत मजल मारावी लागते. इथे पहिल्या दिवसापासून शेवटचंच हत्यार. "सगळीकडे चालेल असं" म्हणशील तर याहून चालणारं पिस्तूल जगात नाही: घरच्या ओसरीत छर्ऱ्यावाचून कोरडा सराव, क्लबात छर्रे, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, आणि पुढे नशिबात असेल ते.

आता त्या कागदाकडे बघा. मधलं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे खिशातल्या रुपयाच्या नाण्याच्या जेमतेम निम्मं. भोवतीचा काळा ठिपका सहा सेंटिमीटरला किंचित कमी. नेमबाजाने एका हातात किलोभराचं पिस्तूल धरायचं, हात खांद्यातून सरळ, कशाचाही टेकू नाही, आणि ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे. ६०० पैकी ५९४ गुण दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओने २००९ मध्ये काढलेत. म्हणजे साठ छर्ऱ्यांत मिळून फक्त सहा गुण सांडले.

आणि हे सगळं थरथरत्या हाताने. ही थरथर भीतीची नव्हे. जिवंत माणसाचा लांब केलेला हात सेकंदाला आठ-दहा वेळा कापतोच, स्नायूंची रीतच तशी. वर श्वास, वर काळजाचा ठोका. जगज्जेत्याचाही हात हलतो. मग छर्रा मधोमध कसा लागतो?

मी भाचीच्या हातात टॉर्च दिला. संध्याकाळ झाली होती, वीज नेहमीप्रमाणे गेली होती. म्हटलं, गोठ्याच्या भिंतीवर उजेड पाड. आता टॉर्च आहे तसा सरळ ठेवून हात बोटभर डावीकडे सरकव. उजेडही बोटभरच सरकला. आता हात तिथेच ठेवून फक्त मनगट बोटभर वळव. उजेड भिंत सोडून शेजाऱ्यांच्या परसात गेला.

पिस्तूल नेमबाजीचं अर्धं गुपित त्या टॉर्चमध्ये आहे. पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी एक उभा चौकोनी दात. जुन्या मराठीत त्या दाताला माशी म्हणतात, आणि मला हा शब्द फार आवडतो, कारण ती खरोखर नळीवर येऊन बसल्यासारखी दिसते. खाच आणि माशी यांच्यातलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर. अख्खा हात पाच मिलिमीटर हलला तर कागदावर छर्रा पाचच मिलिमीटर हलेल; दहाच्या वर्तुळात तो कसाबसा राहतोच. पण माशी खाचेच्या मध्यापासून एकच मिलिमीटर ढळली, की दहा मीटरवर ती चूक तीन सेंटिमीटरांहून मोठी होते. एका वलयापासून दुसरं वलय आठ मिलिमीटरवर. चार गुण गेले, आणि हात तर हललाही नव्हता!

म्हणून नेमबाज काळ्या ठिपक्याकडे बघत नाही. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो, आणि तो स्थिरावायचा माशीवर. राजगडावर सुवेळा माचीच्या नेढ्याजवळ उभं राहून कातळाच्या कडेवरचं गवत निरखून बघा, मागचे डोंगर विरघळतात. डोंगर बघा, गवत विरघळतं. तसंच हे. माशी कोरीव, ठिपका धुरकट. त्यातही गंमत अशी की माशी ठिपक्याच्या मध्यावर धरतच नाहीत. काळ्यावर काळं दिसणार कसं? ती ठिपक्याच्या खाली, पांढऱ्या पट्टीत धरतात, आणि खाच तेवढी वर चढवून ठेवतात. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता म्हणे. आमच्या भाचीने अर्जुनासारखं बघितलं तर ती सातच्या वलयात जाईल.

आणखी एक. छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा साधारण सोळावा भाग लागतो. तेवढ्यात पृथ्वी आपलं काम करते: छर्रा दीड-दोन सेंटिमीटर खाली पडतो. दहाच्या अख्ख्या वर्तुळाहून जास्त! त्याचा हिशेबही त्या चढवलेल्या खाचेतच बसवलेला असतो. छर्रा शिशाचा, अर्ध्या ग्रॅमचा, आकार डमरूसारखा. तोंड मुद्दाम सपाट, म्हणजे कागद फाटत नाही, पंचाने पाडावं तसं गोल भोक पडतं. ऊर्जा भरते सात ज्यूलच्या आसपास. आकडा लहान आहे, पण डोळा जायला पुरतो. त्यामुळे गोठ्याच्या भिंतीवर छर्रा मारायचा नाही हे मी पहिल्यांदाच बजावलं. चिमण्या-होल्यांवर तर नाहीच. तो गुन्हा आहे.

आता पिस्तुलं. हवा कशी दाबायची यावरून त्यांची घराणी पडतात. सगळ्यात स्वस्त स्प्रिंगचं. चाप ओढला की आतला दट्ट्या धाडकन पुढे येतो. हाताला आधी एक हिसका, मग उलट दुसरा, आणि छर्रा अजून नळीतच. परसातल्या डब्यासाठी ठीक, शिकायला वाईट. शिवाय छर्ऱ्यावाचून चाप ओढत राहिलं तर दट्ट्याचं नुकसान होतं, म्हणजे कोरडा सराव बंद. दुसरं घराणं एका झटक्याचं: दांडी ओढून दाबली की एका छर्ऱ्यापुरती हवा कोंडली जाते. रशियातल्या इझेव्स्कचं इझ-४६ यातलं नावाजलेलं. दणकट, बिनतक्रार, सिलिंडरची भानगड नाही. फक्त साठ वेळा दांडी ओढून दंड भरून येतात.

तिसरं आजचं, सिलिंडरचं. स्टायर, मोरिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्डिनी ही त्यातली मोठी नावं, किंमत लाखाच्या वर. सिलिंडरमध्ये हवा भरतात २०० बारपर्यंत. मोटारीच्या टायरमध्ये दोनच्या थोडी वर असते. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर. तेवढ्या उंचीचा पाण्याचा खांब उभा केलात तर त्याच्या बुडाशी दाब होईल १४० बार. म्हणजे तोरण्यावर आणखी जवळजवळ अर्धा तोरणा रचायचा, आणि तो सगळा भार एका विताहून लहान नळकांड्यात! भाचीने खिडकीतून गडाकडे एकदा बघून घेतलं.

या पिस्तुलाला धक्का जवळपास नसतोच, आणि बहुतेकांना कोरड्या सरावाची सोय असते: चाप खऱ्यासारखा सुटतो, हवा सुटत नाही. वेल्ह्यात राहणाऱ्या मुलीसाठी ही सोय लाखमोलाची. बालेवाडीच्या रेंजवर जायचं तर मार्गासनी, नसरापूर, चेलाडीचा फाटा, मग हायवेने खेड शिवापूर, कात्रजचा बोगदा, चांदणी चौक. आठवड्याला दोनदा जमलं तर खूप. उरलेले पाच दिवस ही भिंत आणि कोरडा चाप.

माझी स्वतःची फसगतही तिला सांगितली. पंधरा वर्षांपूर्वी मी एका दुकानातून जुनं पिस्तूल उचललं, निळ्या सिलिंडरला भुलून. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि साधारण दहा वर्षांनी तो बाद होतो, हे मला घरी आल्यावर कळलं. त्याहून वाईट म्हणजे मूठ मोठी होती. बोटाचं पहिलं पेर चापावर सरळ पडेना, त्यामुळे प्रत्येक वेळी चाप मागे यायच्या ऐवजी तिरका यायचा आणि माशी डावीकडे. वर्षभर मी माझ्या डोळ्यांना दोष दिला.

म्हणून माझं मत विचाराल तर पिस्तूल निवडायचं नसतं, मूठ निवडायची असते. या मुठी अक्रोडाच्या लाकडाच्या, तळहाताच्या आकाराने कोरलेल्या, लहान-मध्यम-मोठ्या, डावखुऱ्यांच्या वेगळ्या. डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, नेमावर आणायचं, डोळे उघडायचे. माशी आपसूक खाचेत उभी असेल तर ते पिस्तूल तुमचं. नसेल तर मूठ कानशीने घासायची, कमी पडेल तिथे लांबी भरायची. मोठमोठे नेमबाज आपल्या मुठीला असं ठिगळ लावत बसलेले असतात.

त्याआधी डोळा तपासायचा. दोन्ही तळहातांची मिळून एक लहान खिडकी केली, हात लांब केले आणि तिला तोरण्यावरचा बुरूज त्यात धरायला लावला. डावा डोळा मिटला, बुरूज जागेवर. उजवा मिटला, बुरूज गायब. म्हणजे उजवा डोळा मालक. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा मालक निघाला तर त्याला मूठ आणि उभं राहणं दोन्ही वेगळं लागतं.

चापाचं वजनही नियमात बांधलेलं आहे: किमान ५०० ग्रॅम. स्पर्धेआधी पंच पिस्तुलाची नळी आभाळाकडे करून चापाला अर्ध्या किलोचं वजन अडकवतात आणि उचलून बघतात. वजन उचललं गेलं तर पास, घोडा सुटला तर परत पाठवतात. आजीने लगेच घरातली अर्ध्या किलोची गुळाची ढेप बोटाला टांगून बघितली. "एवढं?" म्हणाली. एवढंच, पण ते इतक्या सावकाश ओढायचं की सुटलं कधी ते आपल्यालाही कळू नये.

आणि दुरुस्तीची सोय बघून घ्यायची. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाची दांडी ऐन स्पर्धेत मोडली. दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ गुणांवर ती थांबली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. २०२४ ला पॅरिसमध्ये त्याच प्रकारात तिने कांस्य मिळवलं. तिथेच तुर्कस्तानचा युसुफ डिकेच खिशात हात घालून, साध्या चष्म्याने रौप्य घेऊन गेला आणि जग हसलं. पण खिशातला तो हात बेफिकिरीचा नव्हे. मोकळा हात लोंबकळला की खांदा ओढतो, म्हणून जवळजवळ सगळेच तो कुठेतरी खोचून ठेवतात.

भाचीच्या डोळ्यासमोर मात्र राही सरनोबत होती. कोल्हापूरची राही २५ मीटर पिस्तूलवाली, त्यात .२२ ची खरी गोळी, चाप किलोभराचा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, पालेमबांगला, थायलंडच्या नाफास्वानशी ३४-३४ अशी बरोबरी, मग शूट-ऑफ, त्यातही बरोबरी, मग दुसऱ्या शूट-ऑफमध्ये ३-२. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. "मला ते खेळायचंय," भाची म्हणाली. खेळ की. पण माशी तीच, खाच तीच, हात तोच; .२२ ची ऊर्जा छर्ऱ्याच्या पंधरा-वीस पट असते आणि तिच्या धक्क्यात आपल्या चुका लपतात. हवेच्या पिस्तुलात लपायला जागा नसते.

शेवटी ठरलं ते असं: पहिले चार महिने काही विकत घ्यायचं नाही. क्लबाची पिस्तुलं धरून बघायची, कोणती मूठ हाताला ओळख देते ते पाहायचं. तोवर घरी हात तयार करायचा. पिस्तूल साधारण किलोचं, आणि पाण्याची लिटरची बाटलीही किलोचीच.

परवा परत गेलो तर भाची ओसरीत आडवी उभी, डावा हात खिशात, उजव्यात भरलेली बाटली लांब धरलेली, नजर बाटलीच्या टोपणावर. भिंतीवर काळा ठिपका चिकटवलेला. बाटली हलत होती, पण सरळ हलत होती. आजी भात निवडत बसली होती. मला म्हणाली, "महिना झाला, रोज साठ वेळा उचलते. एकदा तरी प्यायली असेल तर शपथ."