नाव कोणाचं, हात कोणाचा?



आज सुरुवात घरातल्या गोष्टीनं करतो. माझ्या बहिणीची नात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा लॅपटॉप बिघडला, म्हणून ती प्रोजेक्टचं काम मित्राच्या लॅपटॉपवर करायची. परीक्षकांनी एक प्रोग्रॅम चालवून कोणाचे किती कमिट ते मोजलं. हिच्या नावावर शून्य. रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, काम मी केलं आणि नाव त्याचं लागलं." संगणकातलं जे काही मला येतं, ते तिनंच शिकवलेलं. पण प्रश्न आमच्या तत्त्वज्ञानातलाच आहे : लिहिलेल्या नावावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा?

आधी कमिट म्हणजे काय ते बघू. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट हे साधन तयार केलं. प्रोग्रॅममध्ये बदल केला की त्याची नोंद करायची, ती नोंद म्हणजे कमिट. काय बदललं, केव्हा आणि कोणी, हे त्यात असतं. हे 'कोणी' येतं कुठून? संगणकावर आपण एकदा नाव आणि ईमेल भरून ठेवतो, तिथून. गिट ते तपासत नाही. तिथे 'देवदत्त' लिहिलंत, की पुढची प्रत्येक नोंद देवदत्ताची.

ही गफलत नाही बरं का, सोय आहे. लिनक्समध्ये एक जण बदल लिहून ईमेलनं पाठवतो आणि दुसरा तो नोंदवतो. म्हणून कमिटमध्ये लेखक वेगळा आणि नोंद करणारा वेगळा असू शकतो. शिवाय प्रत्येक कमिटला मजकूर, नाव आणि आधीची नोंद यांवरून काढलेला एक ठसा असतो. नंतर कोणी नाव बदललं, तर तो ठसा आणि त्यापुढचे सगळे ठसे बदलतात. म्हणजे मागाहून केलेली खाडाखोड कळते; पण पहिल्यांदाच खोटं लिहिलं असेल, तर ते कळत नाही.

आपल्या रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवा. गुरुजी गाव, आडनाव विचारतात, वही काढतात आणि पणजोबांची नोंद दाखवतात. मग तिथे आपण आपल्या हातानं लिहायचं. तिथे नावाबरोबर हस्ताक्षरही असतं. गिटच्या साध्या नोंदीत नाव आहे, हस्ताक्षर नाही.

याचा फटका कसा बसतो बघा. २८ मार्च २०२१ रोजी पीएचपी या भाषेच्या मूळ कोडमध्ये दोन घातक कमिट आले. एक पीएचपीचे जनक रासमस लेर्डॉर्फ यांच्या नावानं, दुसरा निकिता पोपोव्ह यांच्या नावानं. वर लिहिलं होतं, टंकनचूक दुरुस्त केली! आत होतं चोरदार. दोघांनीही ते लिहिलं नव्हतं. कोड वाचणाऱ्यांनी ते पकडलं, म्हणून पुढचा अनर्थ टळला.

मग हस्ताक्षर आणायचं कुठून? किल्ल्यांच्या जोडीतून. खासगी किल्ली आपल्यापाशी, सार्वजनिक किल्ली सगळ्यांकडे. खासगी किल्लीनं केलेली सही सार्वजनिक किल्लीनं कोणीही पडताळू शकतो. त्यासाठी जीपीजी आहे आणि २०२१ पासून गिटमध्ये एसएसएच किल्लीही चालते. मग दारावर एक स्वयंचलित पहारेकरी बसवता येतो. हा ईमेल आपल्या यादीत आहे का? सही आहे का? किल्ली त्याच सदस्याची आहे का? नसेल तर कमिट परत.

पण हा पहारेकरी नेमकं काय ओळखतो? न्यायशास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणतात ना, 'तोच हा देवदत्त', तेवढंच. तीच ही किल्ली. किल्ली कोणाच्या हातात आहे आणि त्याच्या मनात काय आहे, हे त्याला दिसत नाही. २०२४ साली एक्सझेड या प्रणालीत 'जिया तान' नावाच्या व्यक्तीनं चोरदार घातलं. तिनं दोनेक वर्षं चोख काम करून विश्वास मिळवला होता. इथे दुसऱ्याचं नाव चोरलेलंच नव्हतं! ते उघडं पडलं अँड्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढी शंका त्यांना आली आणि त्यांनी ती सोडली नाही.

तेव्हा कमिटमधलं नाव हा दावा, सही हा पुरावा आणि विश्वास हा माणसानं करायचा निर्णय. यंत्राला दुसरं काम सांगा, तिसरं सांगू नका.

आमच्या पोरीच्या बाबतीत तर कोणी लबाडीही केली नव्हती. मी तिला म्हटलं, "परीक्षकांना सांग, मला समोर बसवून कोड विचारा." त्यांनी विचारलं, कुठली ओळ का लिहिली, ते तिनं सांगितलं. गुण मिळाले, पण निकाल महिनाभर लांबला. आता ती दुसऱ्याच्या संगणकावर बसली की आधी तिथलं नाव बदलते. दोघांनी मिळून काम केलं, तर 'को-ऑथर्ड-बाय' ही ओळ घालून दोघांची नावं नोंदवते. तुमच्यात जे शिक्षक आहेत त्यांना एवढंच सांगणं : मोजणी यंत्राकडून करून घ्या, पण शून्य देण्याआधी मुलाला एकदा समोर बसवा.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.