ताक्यावरची लक्ष्मी

भिवंडीत रात्रंदिवस खडखडणाऱ्या साध्या यंत्रमागांची मूळ घडण इंग्लंडातल्या लँकेशायरची. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथल्या विणकरांनी विकत घेतले, पुढे त्याच नमुन्यावर नवे मागही तयार होऊ लागले, आणि १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईचं कितीतरी विणकाम इकडे सरकलं. मागांचा हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्याच लँकेशायरहून आणखी एक वस्तू आपल्या बाजारात आली होती आणि तिचं मूळ शोधायला गेलं की माणूस चक्रावून जातो. ती म्हणजे कापडाच्या ताक्यावर चिकटवलेलं रंगीत चित्र. बाजारात त्याला तिकीट, टिका, छाप, मार्का अशी नावं होती.

१९१३च्या सुमारास ब्रिटनमधून हिंदुस्थानात वर्षाला सुमारे तीनशे कोटी वार सुती कापड येत होतं. एवढ्या ढिगातून गिऱ्हाइकाने नेमका माल ओळखायचा कसा? बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, मग इंग्रजीचं नावच नको. म्हणून ग्रॅहम, रॅली ब्रदर्स यांसारख्या पेढ्या ताक्याच्या दर्शनी घडीवर चित्र लावत: हत्ती, वाघ, मोर, महाराजा, बाळकृष्ण, कमळावरची लक्ष्मी. गिऱ्हाईक चित्राच्या नावाने कापड मागे. साहजिकच खपाऊ छापांच्या नकला होऊ लागल्या आणि भांडणं कोर्टात गेली. ब्रिटनमध्ये १८७६पासून व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा सुती मालाच्या चिन्हांसाठी लँकेशायरच्याच मँचेस्टरला वेगळी व्यवस्था करावी लागली.

असं एखादं जुनं तिकीट भिंगाखाली धरून पाहावं. लक्ष्मीच्या गालावरची गुलाबी छटा म्हणजे असंख्य बारीक ठिपक्यांची दाटी असते. कुठे विरळ, कुठे घट्ट, कोणताही ठिपका दुसऱ्यासारखा नाही. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत रांगेने बसतात, इथे ते माणसाच्या हाताने दिलेले आहेत. ही शिळाछपाई. तिच्यासाठी सर्वांत नावाजलेला चुनखडीचा दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणींतून येई. दगड घासून गुळगुळीत करायचा, तेलकट शाईने त्यावर चित्र काढायचं आणि मग तो ओला करायचा. मोकळ्या जागेवर पाणी टिकतं, म्हणून छपाईची शाई फक्त तेलकट ठिपक्यांनाच धरते. एका रंगाला एक दगड, त्यामुळे दहा रंगांचा कागद दहा वेळा दाबाखालून जायचा आणि दरवेळी केसभरही न हलता जागेवर बसायचा. शिवाय दागिन्यांवर सोनेरी पूड. तळहाताएवढ्या आणि कापड विकलं की फाडून टाकायच्या कागदासाठी केवढी ही मेहनत!

आणि एवढं करूनही चित्रकाराचं नाव सहसा कुठेच नाही. हिंदुस्थान कधीही न पाहिलेल्या मँचेस्टरच्या कारागिरांनी आपले देव काढले कशावरून? याचा एक धागा मुंबईत सापडतो. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला. त्याची यंत्रं जर्मन, तंत्रज्ञही जर्मन. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या आणि पुढे त्यांचीच ठेवण कापडाच्या तिकिटांवर उमटली. त्याआधी, १८७८पासून, पुण्याची चित्रशाळा देवादिकांची रंगीत चित्रं छापत होतीच. शिवाय कोणतं चित्र चालतं, कोणतं पडून राहतं, हे इथले दलाल आणि व्यापारी विलायतेला कळवत. म्हणून या लक्ष्मीचा जन्म कोणत्याही एका गावी झाला, असं मला म्हणवत नाही. मात्र तिच्या खऱ्या निर्मात्यांत आपल्या बाजारातल्या गिऱ्हाइकाला मी आधी धरीन; त्याच्या पसंतीवरच मँचेस्टरचे दगड कोरे राहत किंवा रंगत.

यातली फार थोडी तिकिटं उरली. पुण्यात १९०५ साली आणि परळला ३१ जुलै १९२१ रोजी विदेशी कापडाच्या होळ्या झाल्या. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाचा ट्रक अडवताना काळबादेवीला बाबू गेनू चिरडला गेला. त्या संतापापुढे रंगीत कागदाची तमा कोण बाळगणार? बाळगायची गरजही नव्हती. देशी गिरण्यांनी मात्र हीच युक्ती उचलली आणि आपल्या ताक्यांवर आपली चित्रं लावली.

असे फेकून द्यायचे कागद पुढे किती मोलाचे ठरतात ते पाहा. अमेरिकेत १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटातून बेसबॉल खेळाडूंची चित्रं मिळत. त्यातलं होनस वॅगनरचं कार्ड लवकरच बंद झालं. वॅगनरच्या तंबाखूविरोधामुळे की पैशांवरून, हा वाद अजून मिटलेला नाही. त्या कार्डाच्या जेमतेम साठेक प्रती उरल्या आणि २०२२ मध्ये एक ७२.५ लाख डॉलरना विकली गेली. तिथे एकेका प्रतीची नोंद ठेवली जाते. आपल्याकडे बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीने कापडाच्या तिकिटांचा मोठा संग्रह केला आणि २०२५ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवलं. महाराष्ट्रातल्या कापडगावांनी या कामात मागे राहू नये.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतल्या वाचकांना म्हणूनच विनंती आहे. घरातल्या जुन्या वह्या, खतावण्या, ट्रंकांची झाकणं आतून एकदा पाहा. असं चित्र चिकटलेलं दिसलं तर खरवडू नका, लॅमिनेट करू नका, मागचा डिंक किंवा कापडाचे धागे पुसू नका. काळ ठरवायला तेच उपयोगी पडतात. ते कुणाच्या दुकानातलं, कोणत्या वहीतलं, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. आणि रद्दीवाल्याला वह्या देण्याआधी एखाद्या संग्रहालयाला त्याचा फोटो जरूर पाठवा.