मकाव ओळखावा चेहऱ्यावरून

दोन लालभडक मकाव शेजारी बसले, की ते एकाच जातीचे वाटतात. पंखाच्या मधोमध पिवळा पट्टा असेल, तर तो स्कार्लेट मकाव. तिथे हिरवा पट्टा असेल, तर ग्रीन-विंग्ड. खरी खूण मात्र गालांवर असते. स्कार्लेटचे गाल पांढरे आणि जवळजवळ उघडे असतात. ग्रीन-विंग्डच्या गालांवर बारीक लाल पिसांच्या रेषा दिसतात, तर निळ्या-पिवळ्या मकावच्या गालांवर त्या काळ्या असतात.

मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आढळणाऱ्या या पोपटांच्या आकारातही मोठा फरक आहे. सर्वांत छोटा रेड-शोल्डर्ड मकाव सुमारे ३० सेंटिमीटरचा, तर ब्राझीलचा हायसिंथ मकाव शेपटीसह सुमारे एक मीटर लांब असतो. हायसिंथ गर्द निळा असून त्याच्या डोळ्यांभोवती पिवळे कडे असते. त्याची चोच ताडवर्गीय झाडांच्या टणक बिया फोडते, म्हणून तिच्याजवळ बोट नेणे धोक्याचे. पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असल्याने मकाव फळ हातात धरल्यासारखे पकडून खातो. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. खात्रीसाठी डीएनए चाचणी करावी लागते.

पिसांतला निळा रंग रंगद्रव्याचा नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो आणि ती निळी दिसतात. लाल-पिवळी रंगद्रव्ये मात्र पोपटाचे शरीर स्वतःच तयार करते.

हे देखणे पाहुणे आता आपल्याकडेही घरोघरी पाळले जाऊ लागले आहेत. अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतून ‘सिटॅकोसिस’ हा जिवाणूजन्य आजार माणसाला होऊ शकतो. वरवर निरोगी दिसणारा पक्षीही तो पसरवू शकतो. ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला आणि पुढे न्यूमोनिया अशी लक्षणे दिसतात. न्यूमोनियावर नेहमी दिली जाणारी काही औषधे इथे उपयोगी पडत नाहीत. डॉक्सिसायक्लिन मात्र गुणकारी ठरते. म्हणून निदान वेळेवर व्हायला हवे.

पिंजरा कोरडा झाडू नये. आधी ओला करून, मास्क लावून स्वच्छ करावा. आणि ताप-खोकल्यासाठी दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारले नाही, तरी घरात पोपट असल्याचे आवर्जून सांगावे.