डोक्याचा मुका मार

पाय मुरगळला तर पोरगं लंगडतं. हात मोडला तर सुजतो. गुडघा फुटला तर रक्त येतं. आई दुरून बघते आणि तिला कळतं, काहीतरी लागलं. पण डोक्याला मुका मार बसला, तर वरून काहीच दिसत नाही. कधी कधी टेंगूळसुद्धा येत नाही. पोरगं उठतं, अंगावरची माती झटकतं, "मला काही झालं नाही" म्हणतं आणि परत खेळायला जातं. आज या मुक्या माराविषयी वाचू.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात खेळाला तोटा नाही. आमखास मैदानावर फुटबॉल चालतो, क्रिकेट चालतं. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात पोरं-पोरी घाम गाळतात. खेड्यात जत्रेला कुस्त्या होतात, कबड्डीचे सामने होतात. खेळावं, जरूर खेळावं. आम्ही शाळेत होतो तेव्हा मुलांना वर्गातून उठवून मैदानावर पाठवीत असू. काही पालक रागवायचे, तो भाग निराळा. पण कबड्डीत चढाई करणाऱ्याला चार जण एकदम धरतात. कोणाचा गुडघा कोणाच्या कानशिलावर बसतो. कुस्तीत कधी डोकंच आधी जमिनीला लागतं. फुटबॉलमध्ये दोघे एकाच चेंडूसाठी उडतात आणि डोक्यावर डोकं आपटतं.

तेव्हा आत काय होतं? दह्याचं मडकं घ्या. ते जोराने हिसडा. मडक्याला तडा जात नाही, पण आतलं दही मोडतं. आपली कवटी मडक्यासारखी टणक आहे. मेंदू दह्याइतका पातळ नाही, पण मऊ आहे. कवटीच्या आत तो पाण्यासारख्या द्रवात असतो. डोकं झटक्याने हललं की मेंदू आतल्या आत हिसकतो. कवटी शाबूत राहते, पण मेंदूचं काम काही काळ बिघडतं. डॉक्टर याला मेंदूला हादरा बसणं म्हणतात. छातीला जोराची धडक बसून मान झटकली, तरीही हा हादरा बसू शकतो.

लोक म्हणतात, "बेशुद्ध पडला नाही ना? मग काही नाही." हे खरं नाही. हादरा बसलेले बहुतेक जण बेशुद्ध पडतच नाहीत. त्यांचं डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. उजेड आणि गोंगाट सोसत नाही. चालताना झोक जातो. पोरगं विचारल्याचं उत्तर उशिरा देतं, तेच तेच पुन्हा विचारतं, उगाच चिडतं किंवा रडतं. कधी हे लगेच होतं, कधी काही तासांनी.

मुका मार बोलत नाही, म्हणून आपण विचारायचं असतं. पण काय विचारायचं? आपण विचारतो, "तुझं नाव काय? गाव कोणतं?" हे तो सांगतोच. हादरा बसलेला माणूसही आपलं नाव सहसा विसरत नाही. विसरतो ते नुकतं घडलेलं. म्हणून असं विचारावं: आपण कोणत्या मैदानावर आहोत? पहिला डाव चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी झाला? तो आपण जिंकलो का? ऑस्ट्रेलियातले मॅडॉक्स नावाचे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी असे प्रश्न तपासून पाहिले आणि 1995 साली ते प्रसिद्ध केले. आता ते जगभर विचारले जातात.

एका तालुक्याच्या सामन्यात आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. एक मुलगा पकडीत सापडून पडला, उठला आणि पुढच्याच चढाईत गुण घेऊन आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सामना संपल्यावर तो आम्हाला विचारतो, "गुरुजी, आपला सामना कधी आहे?"

खेळाडू खोटं बोलतो असं नाही. जो मेंदू "मी ठीक आहे" म्हणतो, मार त्यालाच लागलेला असतो. शिवाय खेळ सुटेल अशी भीती असते. म्हणून निर्णय त्याच्यावर सोडू नये. शंका आली की त्याला बाहेर बसवावं, आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नये. उत्तरं बरोबर आली, पण डोकं दुखतंय किंवा गरगरतंय, तरीही नाही.

पूर्वी असं नव्हतं. जानेवारी 1981 मध्ये सिडनीला आपले मुंबईचे संदीप पाटील 65 धावांवर खेळत होते. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पॅस्को यांचा चेंडू कानावर बसला आणि ते कोसळले. त्यांना बाहेर न्यावं लागलं. तरी त्याच सामन्यात दुसऱ्या डावात ते पुन्हा खेळायला आले. पुढच्याच कसोटीत, ॲडलेडला, त्यांनी 174 धावा केल्या. त्यांच्या धैर्याला आमचा नमस्कार. पण या गोष्टीवरून पोरांना "उठ, खेळ" म्हणणं आम्हाला पटत नाही. तेव्हा खेळाडूच्या जागी दुसरा फलंदाज घेण्याची सोयच नव्हती. ती 1 ऑगस्ट 2019 पासून आली. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेराला रवींद्र जडेजा यांच्या हेल्मेटवर चेंडू बसला. ते डाव संपेपर्यंत खेळले, पण आत गेल्यावर त्यांना गरगरायला लागलं. मग त्यांच्या जागी चहल उतरले. यातून आणखी एक कळतं. हेल्मेट हाड वाचवतं, हादरा पुरता थांबवत नाही. तरी हेल्मेट घालावंच.

डॉक्टर याहून बारीक तपासणी करतात. दहा शब्द सांगतात आणि ते म्हणून घेतात. थोड्या वेळाने तेच शब्द पुन्हा विचारतात. महिने उलटे म्हणायला लावतात, डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर असे. डोळे मिटवून एका पायावर उभं करतात. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकायला लावतात. पुष्कळांना वाटतं, सीटी स्कॅन काढला की झालं. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. साधा हादरा त्यात दिसत नाही. म्हणून स्कॅन चांगला आला, तरी पोरगं लगेच खेळायला मोकळं होत नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र क्षणभर थांबू नये. पुन्हा पुन्हा उलटी होणं, डोकेदुखी वाढत जाणं, झटके येणं, गुंगी येऊन जागं न होणं, हातापायातली शक्ती जाणं, एकाचे दोन दिसणं, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येणं. अशा वेळी 108 नंबरला फोन करावा. ही रुग्णवाहिका फुकट येते. आपल्याकडे घाटीचं सरकारी रुग्णालय आहे. मान दुखत असेल किंवा पोरगं बेशुद्ध असेल, तर त्याला हलवू नये, बसवू नये, गालावर चापट्या मारू नयेत. तोंडात पाणी किंवा चहा घालू नये. मोटारसायकलवर मध्ये बसवून तर मुळीच नेऊ नये.

घरी आणलं तर पहिले काही तास त्याला एकटं ठेवू नये. गाडी चालवू देऊ नये. मोठा माणूस असेल तर त्याला दारू देऊ नये. पूर्वी आठ-आठ दिवस अंधाऱ्या खोलीत निजवीत. आता तसं सांगत नाहीत. एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईल कमी, घरातल्या घरात थोडं चालणं. मग हलका व्यायाम, मग पळणं, मग एकट्याने सराव. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्यावा. त्रास वाढला तर एक पायरी मागे यावं. मुलांना बरं व्हायला मोठ्यांपेक्षा जास्त दिवस लागतात, कधी महिनासुद्धा. त्यांनी आधी शाळा नीट सुरू करावी, अभ्यास करताना डोकं दुखत नाही ना, ते पाहावं. आणि पकडीचा, धडकेचा खेळ डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच सुरू करावा.