युनिटवाल्यांच्या शेअर्सची गोष्ट

नोव्हेंबर २०२२ मध्ये वर्तमानपत्रांच्या अर्थपानांवर एक बातमी होती. ‘सूटी’ नावाच्या सरकारी संस्थेने अ‍ॅक्सिस बँकेतला आपला उरलासुरला १.५५ टक्के हिस्सा विकला आणि सरकारच्या तिजोरीत सुमारे ३,८०० कोटी रुपये जमा झाले. बाजारातल्या मंडळींनी ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी विसरली. बुलडाणा जिल्ह्यात तर तिची चर्चा होण्याचे कारणच नव्हते. पण खरे सांगायचे तर ही बातमी खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकरच्या घरांतलीच होती. कपाटात लग्नाच्या शालूखाली, नाहीतर माळ्यावरच्या लोखंडी पेटीत ज्यांनी ‘युनिट’ची सर्टिफिकिटे जपून ठेवली होती, त्यांच्या गोष्टीचा तो एक शेवट होता.

‘सूटी’ म्हणजे युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाच्या फाळणीत सरकारच्या वाट्याला आलेला भाग. मूळ युनिट ट्रस्ट १९६३ च्या कायद्याने स्थापन झाला आणि १९६४ साली त्याची पहिली योजना आली. तीच ‘यूएस-६४’. दहा रुपयांचे एक युनिट. शेअर बाजाराच्या वाटेला न जाणाऱ्या माणसाला बाजाराचा थोडा लाभ मिळावा, ही कल्पना चांगली होती, आणि मध्यमवर्गाने ती मनापासून स्वीकारली.

बँकेच्या नोकरीत मी काही वर्षे या जिल्ह्यात होतो. कापसाचे चुकारे झाले, शिक्षकाला भविष्यनिर्वाह निधी मिळाला, की माणूस काउंटरपाशी यायचा आणि हळूच विचारायचा, “साहेब, युनिटमंदी टाकू का थोडे? सरकारचंच हाय ना ते?” या एका प्रश्नात त्या काळची सगळी गुंतवणूक सामावली होती. खामगावात हिंदुस्थान लिव्हरचा साबणाचा कारखाना होता. त्याच्या भिंती लोकांना रोज दिसत. पण त्या कंपनीचा शेअर घ्यावा असे शंभरांतल्या एकालाही वाटत नसे. शेअर म्हणजे सट्टा, युनिट म्हणजे सरकार, अशी सरळ वाटणी होती. जुलै महिन्यात युनिटचा भाव कमी असे, म्हणून जुलैची वाट पाहिली जाई. नव्वदच्या दशकात लाभांश २६ टक्क्यांपर्यंत गेला, तेव्हा तर मुलीच्या लग्नाचा हिशेबही युनिटमध्ये होऊ लागला.

लोकांना एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. आपले पैसे अखेर शेअर बाजारातच आहेत. युनिट ट्रस्ट देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा भागीदार होता. आयटीसी, लार्सन अँड टुब्रो यांच्यात त्याचे मोठे हिस्से होते. १९९३-९४ मध्ये नव्या खासगी बँकांना परवानगी मिळाली, तेव्हा ट्रस्टने स्वतःची बँक काढली. ११५ कोटींच्या सुरुवातीच्या भांडवलात १०० कोटी ट्रस्टचे होते. तीच यूटीआय बँक २००७ साली अ‍ॅक्सिस बँक झाली. कोणता शेअर कोणत्या योजनेच्या खात्यात होता हा हिशेबनिसांचा विषय. पण ट्रस्टचा सगळा डोलारा युनिटवाल्यांच्या विश्वासावर उभा होता, एवढे निश्चित.

मग २ जुलै २००१ उजाडला. ट्रस्टने यूएस-६४ ची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. युनिटचा भाव बाजार ठरवत नव्हता, ट्रस्ट ठरवत होता. त्यामुळे कागदावरची किंमत आणि आतला ऐवज यांत अंतर पडत गेले होते. चौदा रुपयांच्या आसपास परत घेतल्या जाणाऱ्या या युनिटची खरी किंमत डिसेंबर २००१ अखेर जाहीर झाली ती ५ रुपये ८१ पैसे. त्याहून कडू बाब अशी, की बंदीच्या आधी एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत ४,००० कोटींहून अधिक रकमेची युनिट्स परत गेली होती आणि त्यांत मोठा वाटा कंपन्यांचा होता. मोठे वेळेवर बाहेर पडले. दोन कोटींच्या घरातले लहान गुंतवणूकदार आत राहिले. पुढे संसदेच्या संयुक्त समितीने या प्रकरणाची चौकशी केली.

सरकारने ट्रस्ट बुडू दिला नाही, हेही तितकेच खरे. २००२ च्या कायद्याने ट्रस्टचे दोन तुकडे झाले. बाजारभावाने चालणाऱ्या योजना यूटीआय म्युच्युअल फंडाकडे गेल्या. हमी दिलेल्या योजना, त्यांची देणी आणि त्यांचे शेअर्स ‘सूटी’कडे. यूएस-६४ वाल्यांना पाच हजार युनिटांपर्यंत १२ रुपये आणि त्यावरच्यांना १० रुपये अशी हमी मिळाली. ज्यांनी रोख घेतली नाही त्यांना ६.७५ टक्के करमुक्त व्याजाचे पाच वर्षांचे रोखे मिळाले. २००८ साली त्यांची मुदत संपली आणि पैसे परत आले. पुष्कळांनी देवाचे आभार मानले आणि शेगावला जाऊन गजानन महाराजांचे दर्शन घेतले.

पण त्याच पाच वर्षांत बाजाराने काय केले? २००३ च्या मे महिन्यात ३,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१,००० ला शिवून आला. ज्या शेअर्सना ओझे समजून ‘सूटी’च्या गळ्यात बांधले होते, त्यांचे सोने झाले. सरकार ते घाई न करता विकत राहिले. मार्च २०१४ मध्ये अ‍ॅक्सिस बँकेचा ९ टक्के हिस्सा सुमारे साडेपाच हजार कोटींना गेला. नोव्हेंबर २०१६ मध्ये लार्सनचा दीड टक्क्याहून थोडा अधिक हिस्सा सुमारे २,१०० कोटींना, फेब्रुवारी २०१७ मध्ये आयटीसीचा २ टक्के हिस्सा ६,७०० कोटींच्या आसपास.

यात अन्याय झाला का? भावनेने पाहिले तर वाटते, झाला. झाड लावले एकाने, फळे खाल्ली दुसऱ्याने. हिशेबाने पाहिले तर उत्तर तेवढे सोपे नाही. ज्या दिवशी युनिटची किंमत सहा रुपयेही नव्हती, त्या दिवशी दहा-बारा रुपयांची हमी करदात्यांच्या जिवावर दिली गेली. बाजार आणखी कोसळला असता तर तो खड्डा सरकारनेच भरायचा होता. ज्याने तोट्याची जोखीम घेतली, नफा त्याचा, हा व्यवहाराचा जुना नियम आहे. मात्र २००३ मध्ये लोकांना ‘हमी हवी की बाजाराबरोबर राहायचे?’ असा तिसरा पर्यायही समजावून द्यायला हवा होता, असे मला आजही वाटते. घाबरलेल्या माणसाने हमीच निवडली असती, हे मान्य. पण निवड त्याची असती.

‘मोठ्या फंडाने हिस्सा विकला’ ही बातमी आता रोजची झाली आहे आणि तिने पुष्कळजण दचकतात. विकणारा नेहमी कंपनी वाईट म्हणून विकत नाही. कधी त्याला स्वतःच्या गुंतवणूकदारांचे पैसे परत द्यायचे असतात, कधी एकाच कंपनीत फार अडकलेले मोकळे करायचे असते, कधी सरकारला अंदाजपत्रकाचे आकडे जुळवायचे असतात. मोठा गठ्ठा एकदम काढायचा तर भाव थोडा उतरवावा लागतो. बाजार समितीत सगळ्या गाड्या एकाच सकाळी आल्या तर कापसाचे जे होते तेच. २०२२ च्या त्या विक्रीत किमान भाव ८३०.६३ रुपये ठेवला होता, आदल्या बंद भावापेक्षा सुमारे ५ टक्के कमी. अ‍ॅक्सिस बँक काही त्यामुळे दुबळी झाली नाही. म्हणून बातमी वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात : कोण विकतो, का विकतो आणि घेतो कोण.

या तिसऱ्या प्रश्नात मोठी गंमत आहे. २०१७ मध्ये आयटीसीचा तो हिस्सा बहुतांश घेतला एलआयसीने. म्हणजे देऊळगाव राजाच्या शिक्षकाच्या जुन्या युनिटमागचा शेअर विकला गेला आणि त्याच शिक्षकाच्या विम्याच्या हप्त्यातून तो पुन्हा घेतला गेला! विकणाराही आपण, घेणाराही आपणच. मधल्या व्यवहाराची खबर मात्र आपल्याला नाही.

आज त्या शिक्षकांची नातवंडे मोबाइलवरून दरमहा ‘एसआयपी’ भरतात. २०२४ च्या अखेरीस देशभरातून या मार्गाने महिन्याला २५,००० कोटींहून अधिक रक्कम येत होती. आता फंडाची किंमत रोज जाहीर होते, कोणत्या कंपनीत किती पैसे आहेत हे दर महिन्याला छापून येते. आजोबांना जे कोणी दाखवले नाही ते नातवाच्या हातात आहे. ते उघडून वाचायला महिन्याकाठी दहा मिनिटे पुरतात.