जमीन कोणाची? भाग 6 : मालक सीमेपार गेला की…

हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला म्हणून निजामाने 1853 मध्ये वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांकडे सोपवला. 1860 मध्ये तो त्याला परत मिळाला. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थानावर झालेल्या पोलीस कारवाईनंतर हाच मुलूख भारतात आला. शेत जागचे हलले नाही. परका कोण, हे मात्र दर राजवटीत नव्याने ठरले.

निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होते. 1957 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला. फाळणीच्या काळात सीमेपार गेलेल्यांची घरे-शेते 1950 च्या निष्क्रांत मालमत्ता कायद्याने कस्टोडियनच्या ताब्यात जात. 7 मे 1954 नंतर मात्र नवी मालमत्ता निष्क्रांत ठरवणे बंद झाले.

मग 1965 चे युद्ध झाले. पाकिस्तानी नागरिकांच्या इथल्या मालमत्ता शत्रू मालमत्ता म्हणून ताब्यात घेतल्या गेल्या आणि 1968 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा आला. उत्तर प्रदेशातल्या महमूदाबादचे राजे पाकिस्तानी नागरिक झाले होते, पण मुलगा भारतीयच राहिला. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. 2017 च्या दुरुस्तीने तो मार्ग बुजवला, तोही मागच्या तारखेपासून : वारस भारतीय असला तरी हक्क नाही. वडिलांच्या निर्णयाची किंमत इथेच राहिलेल्या मुलाने मोजावी, हे न्यायाचे वाटत नाही.

आता धाराशिवची माणसे सीमेपार जातात ती नोकरीसाठी.

समजा, कळंब तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे ‘फेमा’, आणि त्याखालच्या नियमांनुसार तिला गावाकडे फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. हातात भारतीय पासपोर्ट असला तरी अनिवासीला ही मनाई आहेच. कुणी बक्षीसपत्राने शेत द्यायचे म्हटले, तरी तेही चालत नाही. नियम मोडल्यास रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय ती मालमत्ता जप्त करण्याचा आदेशही निघू शकतो.

वडिलांच्या पश्चात वारसाने येणारे शेत मात्र तिचेच. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले तरी सातबाऱ्यावर तिचे नाव लागू शकते. गावात ‘ती तिकडची झाली, तिचा आता काय हक्क’ असे म्हणून बहिणीकडून हक्कसोड लिहून घेणारे भाऊ या तरतुदीबद्दल बोलत नाहीत.

पुढे तिला ते शेत विकायचे झाले, तर घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिक हवा. एवढ्यानेही भागत नाही. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे, आणि त्यानुसार घेणारा शेतकरीही असावा लागतो. पुण्यातल्या बिगरशेतकरी मित्राला परवानगीवाचून खरेदीखत करून दिले, तर तहसीलदार चौकशी करून तो व्यवहार अवैध ठरवू शकतात आणि जमीन सरकारजमा होऊ शकते.